काटा बंद आहे

सकाळी साडेसातला बटण दाबलं.
पंख्याने अर्धा वेढा घेतला आणि थांबला,
जशी हाक ऐकून कुणी मान वळवावी
आणि आपल्याला नव्हे म्हणून गप्प बसावं.

रात्री जागून मीच बदललं होतं सगळं.
नवा मदरबोर्ड, आठ जीबीच्या दोन पट्ट्या,
गोंदियाहून एसटीच्या पार्सलने आलेल्या,
वर थर्माकोलचा चुरा.
डबा तेवढा जुनाच ठेवला.
शेठ म्हणाले होते, "डब्याले का झालं?
डबा तं बराबर आहे."

तिरोडा रोडवर धानाच्या सात ट्रॉल्या.
मग नऊ.
पुठ्ठ्यावर लिहून खिडकीत लावलं: काटा बंद आहे.
तो वाचून प्रत्येकजण विचारायचा,
"काटा बंद आहे का?"

सॉकेट बदललं. त्याच सॉकेटात मोबाइल लावला,
तो मुकाट चार्ज होऊ लागला.
मग पॉवर सप्लाय वेगळा केला.
हिरवी तार काळीला जोडून पाहायची असते;
तारेचा तुकडा नव्हता,
बांगडीतली सेफ्टी पिन काढून वाकवली.
पंखा भरारला.
म्हणजे वीज येत होती.
म्हणजे चूक वीज मंडळाची नव्हती,
शेठची नव्हती, पार्सलवाल्याची नव्हती.
उरले माझे दोन हात.

पट्ट्या काढल्या.
तिसऱ्या ट्रॉलीवर पोत्यांच्या माथ्यावर पारस अभ्यास करत बसला होता,
त्याचा खोडरबर मागितला.
"पुरा नोको घासू बाई, उद्या पेपर आहे."
पट्ट्यांचे सोनेरी दात घासले, फुंकले,
एक बसवली, दुसरी बसवली,
घरं अदलाबदल केली.
अर्धा वेढा. थांबला.

"एक गुद्दा हाण, ओमेश्वरी,"
झनकलाल सीटवरूनच म्हणाला,
"माह्या ट्रॅक्टरले तेच समजते."
कुणी म्हणालं, हातानं पावती दे.
कुणी म्हणालं, पोरीच्या जातीनं
कायले खोलावं हे.
ते कोण होतं ते मी वळून पाहिलं नाही.
स्क्रू ओठांत धरलेले होते.

डुलीचंदभाऊ आले ते गिरणीची मोटर भरायला.
आयुष्यभर तांब्याची तार गुंडाळलेला माणूस,
कॉम्प्युटर आतून कधी पाहिला नव्हता.
उभ्यानेच वाकले,
तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात गेली.
"बॉडीले तं नाही लागून राहिली कुठं?"
एवढंच.
आणि गिरणीत गेले.

बोर्ड उचलला.
खाली डब्यात पितळी खुंट्या, जुन्या बोर्डाच्या मापाच्या.
नव्याला नऊ भोकं.
खुंट्या दहा.
दहावी मध्येच ताठ उभी,
निघून गेलेल्या बोर्डाची वाट पाहत,
आणि नव्याच्या पाठीत रुतलेली.

परत जोडायला वेळ नव्हता.
खिडकीतला पुठ्ठा काढून टेबलावर आडवा टाकला,
त्यावर बोर्ड ठेवला उघडाच,
आणि पेचकसाच्या टोकाने दोन काड्या
एकमेकींना शिवल्या.

पंख्याने वेढा पुरा केला.
मग दुसरा.
मग मोजता येईना.

दिवसभर "काटा बंद आहे" या अक्षरांवर
काटा चालला.
चौदा ट्रॉल्या, चौदा पावत्या,
झनकलालच्या पावतीवर दोनदा शाई उमटली,
त्याने ती दोनदा वाचली.

अंधार पडल्यावर ती खुंटी पक्कडीने काढली,
गहू एवढी,
आणि बाहेर जाऊन
रिकाम्या काट्याच्या मधोमध ठेवली.
आत येऊन पाहिलं.
लाल आकडा हललाच नव्हता.
शून्य किलो.

कुलूप लावताना पर्समध्ये हात गेला
तर खोडरबर.
काळा पडलेला, एका बाजूने झिजलेला.
पारसचं गाव कोणतं ते पावतीवर असेल.
पुन्हा कुलूप उघडलं.